रविवारचा रोलर

आमच्या घरात काजळी दोन तऱ्हेची होती. एक चुलीची, ती मायची. दुसरी सरकारची. तिला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती आणि ती सगळ्यांच्याच अंगाला लागायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी साडेसातला ओट्यावर बसून एक गुळगुळीत पांढरा कागद रॉकेलच्या चिमणीवर काळा करायचे. कागद एका हातभर लांबीच्या रुळावर गुंडाळलेला असे. रूळ ज्योतीवर सावकाश फिरवायचा, कागद सगळीकडून सारखा काळा झाला पाहिजे, कुठे जळता कामा नये आणि कुठे पांढरा राहता कामा नये. मग तो रूळ लहान लेकरासारखा दोन्ही हातांवर धरून अण्णा टेकडीवरच्या मशीनघरात जायचे आणि यंत्राला बसवायचे. एक बारीक सुई दिवसभर आणि रात्रभर त्या काळ्या कागदावर पांढरी रेघ ओढत राहायची. जमीन स्वस्थ असली की रेघ सरळ, जमीन हलली की रेघ हलायची. दुसऱ्या दिवशी कागद उतरवून लाखेची चपडी विरघळवलेल्या स्पिरिटात बुडवायचा, म्हणजे काजळी पक्की बसते, आणि दोरीवर वाळत घालायचा. दोरी एकच होती. त्यामुळे मायच्या प्रत्येक लुगड्याला एखादा तरी काळा पट्टा होता आणि आमच्या येसराच्या आमटीला स्पिरिटचा वास होता. पाहुणे पहिला घास घेऊन जरा थांबायचे. आम्हाला दुसऱ्या कुणाकडची आमटी अळणी लागायची.

कोयनेला जमीन हादरली, त्यानंतर सरकारला राज्यातल्या सगळ्याच धरणांचा संशय यायला लागला. पालीच्या अलीकडे, धरण दिसेल अशा आमच्या टेकडीवर काळा पाषाण उघडा होता, म्हणून तिथे मशीनघर झालं आणि पायथ्याला दोन खोल्या. अण्णा सातवी शिकलेले, त्या बांधकामावर सिमेंट वाहायला गेलेले. यंत्र बसवायला आलेल्या साहेबांना त्यांचे हात स्थिर वाटले. म्हणून सिमेंटच्या पाट्या वाहणारा माणूस भूकंपाचा रखवालदार झाला, रोजंदारीवर. गावाला हे लवकर पटलं नाही. धरणाची जमीन तर कधी हललीच नाही. धरणासाठी बसवलेल्या त्या यंत्रात धरणाचं काहीच येत नसे, यायचं ते समुद्राचं.

ते असं कळायचं. आठवड्याचे सात कागद टपालाने मुख्य कचेरीला जायचे आणि महिन्या-दीड महिन्याने तिकडून एक पत्रक यायचं. अमुक तारखेला अमुक वाजता तुमच्याकडे आलेला धक्का अमुक बेटाजवळचा. शाळेने टाकून दिलेला जगाचा एक नकाशा अण्णांनी भिंतीला लावला होता. पत्रक आलं की ते पेन्सिलीने ठिपका द्यायचे. सगळे ठिपके निळ्या भागात पडायचे. निकोबार, सुमात्रा, जावा, फिजी, टोंगा. आमच्यापैकी समुद्र कुणीच बघितलेला नव्हता. अण्णांनी गोदावरी बघितली होती, तीही शहागडच्या पुलावरून, चालत्या एसटीतून. पण मला केज तालुक्यातली गावं सांगता यायची नाहीत आणि इंडोनेशियाची बेटं ओळीने सांगता यायची. माय भाकरी थापता थापता विचारायची, "आज टोंग्याचा आलता का?" जणू तो माहेरचा कुणी होता. एकदा ती नकाशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्याखाली येवढं काय मोडायलंय कुणास ठावं. कुणी बघायला बी न्हाई तितं." पुढे मी ज्या विषयात आयुष्य घालवलं त्याची याहून बरी प्रस्तावना मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.

अंतर कसं काढायचं तेही अण्णांनीच शिकवलं. धक्क्याच्या दोन लहरी येतात, एक चपळ आणि एक सुस्त. "येकाच गावाहून दोघं निघाले समज," अण्णा म्हणायचे, "येक सायकलीवर, येक बैलगाडीत. सायकलवाला आल्यावर गाडीची किती वाट बघावी लागली, त्यावरून गाव किती लांब ते कळतं." पालीहून आले तर लगेच, माजलगावहून आले तर ताटकळायचं. दोन लहरींमध्ये चार-पाच मिनिटं गेली की समजायचं, समुद्र. मी पुढे हेच गणित तीन विद्यापीठांत शिकले आणि दोन ठिकाणी शिकवलं. शिकवताना बैलगाडी वगळायची, कारण मुलांनी बैलगाडीची वाट कधी बघितलेली नसते.

आता वहीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या वहीमुळे झालं. यंत्राला जमीन का हलली हे कळत नाही. सुमात्रा हललं तरी सुई हलते आणि टेकडीला म्हैस अंग घासून गेली तरी हलते. म्हणून जे भूकंपाचं नाही ते वेळेसकट लिहून ठेवायचं, म्हणजे कचेरीतल्या लोकांची फसगत होत नाही. त्या वहीला सरकारी नाव लांबलचक होतं, आम्ही तिला गडबडीची वही म्हणायचो. 'स. ८.१० ते ८.१५, म्हैस (तुकारामची).' 'दु. १२.००, विहिरीचा सुरुंग, लिंबागणेशच्या बाजूला.' 'सं. ५.३०, वऱ्हाडाचा ट्रक, दोनदा.' 'स. ९.४०, माय, मिरची कांडप.' या शेवटच्या नोंदीवरून घरात दोन दिवस अबोला होता. आपलं उखळ सरकारदरबारी लिहून गेलं हे मायला सहन झालं नाही. अण्णांचा नियम एकच होता आणि तो त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कारण लिहायचं नाही. नुसता आवाज ऐकून नाही, अंदाजाने नाही. टेकडीच्या कडेला जायचं, खाली बघायचं, मग लिहायचं. दिसलं नाही तर 'कारण माहीत नाही' असं लिहायचं. "माहीत न्हाई लिहायला लाजायचं न्हाई," ते म्हणायचे.

अण्णांचं अक्षर वाईट होतं. मी आठवीत गेल्यापासून वही मी लिहायला लागले. ते सांगायचे आणि मी लिहायचे, नंतर नंतर ते सांगायचेही नाहीत. वही भरली की अण्णा ती आल्यागेल्याला उघडून दाखवायचे. यंत्राबद्दल कुणी विचारलं नाही तरी चालेल, पण "हे अक्षर पोरीचं हाय" हे सांगितल्याशिवाय माणसाला चहा मिळत नसे. माझं नाव त्यांनी सुजाता ठेवलं, तेव्हा गावात त्या नावाची मी एकटीच होते. धर्म बदलल्यावर जन्मलेलं ते पहिलं लेकरू. अशा मुलीने सरकारी वही लिहावी, ती मुख्य कचेरीत वाचली जावी, यात त्यांना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त शाई बोटाला लागते याचा राग यायचा.

मी अकरावीत होते तो हिवाळा. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी टाकायचं काम चालू होतं आणि सबंध आठवडा रोलर टेकडीखालून जात-येत होता. वहीत रोज तीच नोंद. रोलरचा ड्रायव्हर खाजाभाई बीडचा. दुपारी आमच्या ओट्यावर बसून भाकरी खायचा आणि मायच्या ठेच्याची तारीफ करता करता डोळ्यांतून पाणी काढायचा. त्या रविवारी अण्णांची दाढ ठणकायला लागली आणि ते सकाळच्या गाडीने बीडला गेले. जाताना गाल धरून म्हणाले, "तीन वाजता बघून ये. कडेला जाऊन बघ." मी हो म्हटलं.

तीन वाजता माझी मैत्रीण शकुंतला हिला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा औरंगाबादला नोकरीला होता आणि तो गॉगल घालतो अशी खात्रीची बातमी होती. आमच्या गावात तोवर गॉगल घातलेला माणूस आलेला नव्हता. मी धावतच टेकडी चढले, मशीनघराचं दार उघडलं. सुई हलत होती. आधीच बरंच काही होऊन गेलं होतं आणि अजून ती मोठ्या, संथ हेलकाव्यांनी डोलत होती. रोलरने सुई अशी डोलत नाही. रोलरने रेघेवर बारीक लव उभी राहते. हे मला माहीत होतं, दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असावं इतकं चांगलं माहीत होतं. पण कडेला जायचं म्हणजे वळसा होता, आणि खालच्या रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला होता. मी वहीत लिहिलं, 'दु. २.५० ते ३.२०, रोलर.' तेव्हा घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली होती. म्हणजे तेरा मिनिटं मी आगाऊ लिहिली. मुलाने गॉगल घातलेला नव्हता. तो चष्मा होता, आणि शकुंतलेला तो पसंतही पडला नाही.

संध्याकाळी अण्णा कापसाचा बोळा दाताखाली धरून आले. सोमवारी सकाळी त्यांनी कागद उतरवला, स्पिरिटात बुडवला आणि दोरीवर टाकायच्या आधी तसाच दोन्ही हातांत धरून उभे राहिले. थेंब पायावर पडत होते. मग वही उघडली. "रोलर?" त्यांनी विचारलं. तोंड सुजल्यामुळे शब्द नीट उमटला नाही. मी भांडी घासत होते. वर न बघता म्हटलं, "हो." त्यांनी कागद वाळत टाकला आणि शुक्रवारी बाकीच्या कागदांबरोबर टपालात दिला.

पुढे माझं निम्मं काम समुद्रावर झालं. अंदमानच्या पूर्वेला एक बेट आहे, त्याच्यावर माणूस नाही, फक्त एक डोंगर आहे आणि त्यातून धूर निघतो. त्याच्या आजूबाजूला समुद्राच्या तळाशी आम्ही यंत्रं सोडायचो, जाड काचेच्या गोळ्यांत बंद केलेली. वर्षभराने परत जायचं, वरून आवाजाची खूण पाठवायची आणि गोळा वर येतो का बघत कठड्याशी उभं राहायचं. काही येतात, काही येत नाहीत. तळाशी म्हशी नसतात, पण वरून जहाजं जातात, देवमासे ओरडतात, आणि कधी कधी सुई का हलली ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्या हाताखालच्या मुलांना मी वही ठेवायला लावायचे आणि न बघता कारण लिहिलं की फार वाईट बोलायचे. पाठीमागे ती मुलं मला कजाग म्हणत. मी ते ऐकलं आहे आणि माझी हरकत नाही.

त्या रोलरच्या नोंदीनंतर पावणेदोन महिन्यांनी नेहमीचं पत्रक आलं नाही, खाकी पाकीट आलं. त्या रविवारी दुपारी देशातल्या झाडून सगळ्या केंद्रांवर मोठा भूकंप नोंदला गेला होता, पूर्वेकडच्या एका बेटाजवळच्या समुद्रातला. एका केंद्रावर मात्र त्या वेळी रोलर होता. याबद्दल आठ दिवसांत खुलासा करावा, साहेब स्वतः तपासणीला येतील, आणि आपल्याला सेवेत कायम करण्याचा जो प्रस्ताव विचाराधीन आहे त्यावरील निर्णय तपासणीनंतर घेतला जाईल. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, मग मला वाचायला दिलं, मग परत घेऊन स्वतः वाचलं. सहा वर्षं ते रोजंदारीवर होते. कायम झाले तर पुढे पेन्शन होती, आजारपणाची रजा होती, आणि नाही झाले तर टेकडीखालच्या दोन खोल्याही कुणाच्या भरवशावर हे कुणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, मी कडेला गेलते न्हाई." ते म्हणाले, "हं." एवढंच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि मायने दोन वेळा विचारून तिसऱ्यांदा माझं ताट तुकारामच्या म्हशीला घातलं.

बातमी गावात पोचायला एक संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी खाजाभाई कामावर जायच्या आधी आमच्याकडे आला. रविवारी रोलर पालीच्या नाक्यावर ताडपत्री घालून उभा होता आणि खाजाभाई बीडला घरी होता. हे त्याने आल्या आल्या कबूल केलं. "पर अण्णा, मैं बोलतूं ना चालू था," तो म्हणाला. "इतवार कू चलाया करके साब लोगां मेरे कू क्या करते? चिल्लाते. चिल्लान दे." विनापरवाना सरकारी रोलर सुट्टीच्या दिवशी चालवला म्हणून त्याची नोकरी जाऊ शकत होती. ते त्याला ठाऊक होतं. तो ठेच्याच्या उपकाराबद्दल बोलत नव्हता, पण मायला तसं वाटलं आणि तिने त्याला बरणीभर ठेचा बांधून दिला.

मग सरपंच आले. दौलतराव म्हणजे गावातली निम्मी बागायत. आमच्या वस्तीच्या अलीकडे त्यांची जीप थांबायची, माणसं तिथे जाऊन बोलायची. त्या दिवशी ते जीपमधून उतरून चालत आमच्या ओट्यापर्यंत आले आणि बाजेवर बसले. टेकडीवर यंत्र होतं म्हणून गावात वीज लवकर आली होती. ते यंत्र हललं तर काय काय हलेल याचा हिशोब त्यांनी घातला असणार, पण बोलले आपुलकीने. "काय घाबरतू बे रामा, आमी मेलो काय?" ते अण्णांना म्हणाले. "पंचनामा करू. रोलर चालू व्हता, समद्या गावानं बघितला. लिही पोरी, तुजं अक्षर चांगलंय म्हणत्यात." मी लिहिला. कसा नाही म्हणणार होते? अकरा सह्या आणि चार अंगठे झाले. सह्या करणाऱ्यांपैकी एक जण त्या रविवारी माजलगावच्या बाजारात होता. त्याने सगळ्यांत मोठी सही केली आणि रोलरच्या धुराचंही वर्णन घाला म्हणाला. सह्या करणाऱ्या बाकीच्या कुणाचाही यात काही फायदा नव्हता. रामाचं काम आहे, करून टाकू, एवढंच त्यांच्या मनात होतं. इतकी माणसं आमच्या अंगणात आमच्यासाठी कधीच जमली नव्हती. मायने चहा केला. दौलतरावांनी कप उचलला, तोंडाला लावला, संपवला. याआधी त्यांनी आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. ते गेल्यावर माय तो कप हातात घेऊन थोडा वेळ बघत राहिली, मग इतर कपांबरोबर धुतला. अण्णांनी पंचनाम्याची घडी करून वहीत ठेवली. त्यावर त्यांची सही अजून बाकी होती.

साहेब गुरुवारी सकाळी एसटीने आले. पेंडसे त्यांचं नाव. सडपातळ, पोटाचे विकार असावेत असा चेहरा, काखेत कापडी पिशवी. मशीनघर बघितलं, घड्याळ रेडिओच्या वेळेशी लावून बघितलं, कागद धुरवायची चिमणी बघितली. सगळं चोख होतं. मग ओट्यावर बसून वहीतला पंचनामा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. ते दुष्ट नव्हते. त्यांना संध्याकाळच्या आत दुसऱ्या केंद्रावर पोचायचं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "रोलर होता तर प्रश्नच मिटला. तुम्ही सही करा, मी शेरा मारतो. कायम करण्याचे कागद मी बरोबरच आणले आहेत." त्यांनी पिशवीतून तेही काढून बाजेवर ठेवले. त्यांच्याबरोबर पिशवीतून आमचा तो रविवारचा काळा कागद आला.

मी तो सोमवारी ओला असताना धड बघितला नव्हता. आता तो माझ्यासमोर उलगडून पडला होता. आमच्या टेकडीवर इतका स्वच्छ धक्का कधी उमटला नव्हता. पहिली लहर सुईने उचलल्यासारखी, नेमकी कुठे सुरू होते त्यावर नख ठेवता येईल अशी. मग साडेचार मिनिटं बारीक थरथर, मग दुसरी, आणि मग ते मोठे संथ हेलकावे, ज्यांच्यासमोर मी उभी राहून रोलर लिहिलं होतं. मी न राहवून विचारलं, "साहेब, या कागदाचं काय होणार?" "हा बाद," ते म्हणाले. "रोलरची भेसळ आहे म्हटल्यावर वापरता येत नाही. वाईट वाटतं, कारण तुमच्या बाजूला दुसरं केंद्र नाही. ही नोंद चालली असती तर समुद्रातली जागा पक्की करता आली असती. सध्या शंभर-दीडशे किलोमीटरचा घोळ आहे. त्या बेटाच्या किनाऱ्यावर पाणी चढलं, वस्ती वाहून गेली म्हणतात. पुन्हा कुठे होईल ते सांगायचं तर आधीचं कुठे झालं ते कळायला हवं."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं. टोपण काढून ते पेनाच्या मागे लावलं. ते काहीतरी बोलणार असल्यासारखे साहेबांकडे बघत होते, पण बोलले नाहीत, आणि माझ्याच्याने थांबवेना. मला बेटावरच्या माणसांची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती माणसं मला दिसत नव्हती. तो कागद दिसत होता, आणि तो बाद होणार हे मला सहन झालं नाही. "रोलर नव्हता साहेब," मी म्हटलं. "मी कडेला जाऊन बघितलंच न्हाई. वही मीच लिहिली. अण्णा बीडला गेलते." पेंडसे साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. "वही ही लिहिते?" अण्णा म्हणाले, "होय साहेब." साहेबांनी काळा कागद जपून गुंडाळून पिशवीत ठेवला, कायम करण्याचे कागदही पिशवीत ठेवले आणि पंचनामा बाजेवर तसाच सोडला. जाताना मायला नमस्कार केला. चहा मात्र घेतला नाही, पोटामुळे असेल.

पुढच्या पत्रकात त्या भूकंपाची जागा दिली होती आणि ज्या केंद्रांच्या नोंदी धरल्या त्यांच्या यादीत आमचं नाव होतं. त्याच टपालात दुसरं पत्र होतं. अनधिकृत व्यक्तीस नोंदी करू दिल्याबद्दल ताकीद, आणि कायम करण्याचा विचार तूर्त नाही. ते तूर्त कधी संपलं नाही. अण्णा हात थरथरायला लागेपर्यंत रोजंदारीवर कागद धुरवत राहिले आणि मग घरी बसले, पेन्शन नाही. दौलतराव पुन्हा कधी ओट्यावर आले नाहीत. आपल्या सहीचा पोरीने कचरा केला असं ते पालीच्या हॉटेलात म्हणाले, आणि त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. खाजाभाई मात्र रस्ता संपेपर्यंत भाकरी खायला यायचा. मला पुढे शिष्यवृत्ती मिळाली, मुलाखतीत मी तोच भूकंप सांगितला. माझं बरं झालं. हे वाक्य लिहायला मला सोपं जात नाही, पण तसं झालं खरं.

पण मला सांगायचं आहे ते त्या गुरुवारच्या संध्याकाळचं. साहेब गेल्यावर दिवसभर अण्णा माझ्याशी बोलले नव्हते. पाच वाजता यंत्र बघायला ते टेकडी चढले आणि मी न बोलावता मागे गेले. त्यांनी सुई बघितली, घड्याळाला चावी दिली. मी म्हटलं, "अण्णा, माजं चुकलं. तुमचं समदं गेलं." ते पाठमोरे होते. म्हणाले, "सोमवारीच बघितलं व्हतं मी. कागद हातात घेतला तवाच. रोलर न्हाई ते आंधळ्याला बी दिसलं असतं."

"मंग खोडलं का न्हाई?"

वही तिथेच फळीवर होती, त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. "तुजं अक्षर व्हतं," ते म्हणाले. "खोडायला हात उचलला न्हाई."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "आज सांगणार व्हतो साहेबाला. पेन त्याच्यासाठीच काढलं व्हतं. माजी चूक व्हती, माज्या तोंडानं सांगायची व्हती." ते खरंच सांगणार होते की सही करणार होते, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही, नंतर कधीही विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. मी फक्त म्हटलं, "मंग सांगायचं व्हतं ना."

"तू थांबलीस कुठं," अण्णा म्हणाले, आणि दाराला कुलूप लावलं.